उजेड पायापाशी

पुलगावात स्टेशनच्या रस्त्याला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पंखे, मोटारीचे स्टार्टर, वायरी, आणि गेल्या चार वर्षांत सगळ्यांत जास्त खपलेली वस्तू म्हणजे डोक्याला बांधायची बॅटरी. डब्यावर हेडलॅम्प लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक ‘डोक्याची बॅटरी’ मागतं. शेतीची लाइन रात्री येते म्हणून पिकाला पाणी देणारे ओलितवाले नेतात, ते समजण्यासारखं आहे. पण बाकीची गिऱ्हाइकं ऐकाल तर हसाल. एक न्हावी नेतो, लाइन गेल्यावर अर्ध्या दाढीचा माणूस खुर्चीवरून उठून जाऊ नये म्हणून. म्हैस अडली की दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून गवळी नेतात. मधाची पोळी काढणारे नेतात, लग्नाच्या मांडवामागे भांडी घासणाऱ्या बाया नेतात. आमच्या नाचणगावचे अण्णाजी ती लावून पोथी वाचतात. घरचे म्हणतात, आता देवच डोळे मिचकावत असेल.

हात मोकळे आणि नजर जाईल तिथे उजेड, हे तिचं कौतुक. तिचा एक दोष मात्र कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो. जो ती लावतो त्याचं तोंड समोरच्याला दिसत नाही. समोरच्याला फक्त दिवा दिसतो.

माझ्याकडे पांढऱ्या उजेडाच्या सगळ्या मिळतील. पिवळ्या उजेडाची मी आता ठेवत नाही.

मी धर्मेंद्र. तारेत करंट आहे की नाही हे मीटर लावून बघणारा माणूस आहे. मनाला काय वाटतं ते मी विचारत नाही. माझे वडील ताराचंद, वय बहात्तर. नाचणगावच्या कडेला आमचं घर, घरामागून शेताकडे जाणारी पांदण निघते, पांदणीवर एक नाला आणि तो ओलांडायला सिमेंटचा बुटका रपटा, आणि रपट्यापलीकडे आमचं दीड एकर वांगं. बांधावर, धुऱ्याला तूर, शेवटच्या टोकाला विहीर. घराच्या गच्चीवरून सगळं दिसतं. बाबांनी साठ वर्षं भाजीपाला केला. भाजीचा तोडा पहाटे चारला सुरू होतो, कारण सहाला बाजाराची गाडी निघते आणि उन्हं चढल्यावर तोडलेलं वांगं वाटेतच मान टाकतं. त्यामुळे साठ वर्षं चारला उठणं हे त्यांच्या हाडात बसलेलं.

दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी गावांची नावं गेली, मग नातेवाईक, मग माझं लग्न झालंय हेच गेलं. माझी बायको रक्षा समुद्रपूरच्या शाळेत शिकवते आणि शनिवारी घरी येते. तिला बघून ते दर शनिवारी विचारायचे, “पाव्हनी कोनाची?” आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईला पाहुणी म्हणणं तसं अगदीच चूक नव्हतं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाईल, जपा.

एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत टिकला. “जेवला काय?” मला, रक्षाला, गल्लीतल्या कुत्र्याला, पहाटे साडेचारला दात घासणाऱ्या माणसालाही. दिवसातून वीस वेळा. कधी कधी मी खेकसायचो, “जेवलो बाबा! तीनदा जेवलो!” ते हसायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे.

चारला उठून शेतात जाणं काही सुटेना. वाटेत नाला, टोकाला विहीर. एकदा मी दाराला बाहेरून कडी घातली, तर दार ठोकून ठोकून त्यांनी बोटांची सालं काढली. आई माझ्यावर भडकली.

“ढोर हायेत काय थे, कोंडून ठेवाले? जाऊ दे त्यायले. म्या पायते गच्चीवरून.”

“अंधारात काय पाहशील?”

“दिव्याचं दुकान तुहं, अन् मले इचारतं?”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एका खोक्यात चुकून पिवळ्या उजेडाचा एक नग आला होता. परत पाठवायचा राहिला होता. ठोक व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, असा दुसरा आलाच नाही. तोच मी बाबांना बांधला. शेतात आनंदाबाई आणि तिच्या सोबतच्या तीन बाया तोड्याला येतात, त्यांचे चार दिवे पांढरे. आई गच्चीवर स्वतःचा पांढरा दिवा लावून उभी राहायची आणि मोजायची: चार पांढरे, एक पिवळा. पिवळा विहिरीकडे सरकला की आई हाक मारायची, आनंदाबाई त्याला हाताला धरून वळवायची. वर्षभर हे घड्याळासारखं चाललं. माणसं मोजायची आम्हाला गरजच राहिली नाही.

दिव्याचा एक रिवाज आहे, तो सांगायला हवा. अंधारात समोर माणूस आला की बोलण्याआधी कपाळावरचा दिवा दोन बोटांनी खाली वळवायचा. हा रिवाज आमच्या शेतात बाबांनीच लावला. स्मरण शाबूत होतं तेव्हा बायांना बजावायचे, “उजेड कोनाच्या डोयात नाई मारू. समोरच्याच्या पायापाशी ठेवाव. त्याले रस्ता दिसते, अन् आपलं तोंडही दिसते.” सगळं विसरले, पण ती दोन बोटं विसरली नाहीत. बैल आला तरी त्याच्यासाठी दिवा खाली घ्यायचे.

डिसेंबर सुरू झाला तेव्हाची गोष्ट. मी वांग्यांचे कॅरेट गाडीत चढवत होतो. आनंदाबाई जवळ आली. तोंडाळ बाई, पण त्या दिवशी आवाज हळू होता.

“भाऊ, बाबाजी आज विहिरीकडं काऊन गेलते?”

“नाही गेले. माझ्यासमोर इथे होते.”

“मंग थो पिवळा दिवा कोनाचा?”

धुकं होतं. धुक्यात उजेड परततो, एकाचे दोन दिसतात, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“दिसत असन. पन धुक्यातला दिवा वांगे तोडते काय?”

तिने मला विहिरीजवळची शेवटची ओळ दाखवली. झाडांवर काही नव्हतं. मोठं वांगं नाही, बोटाएवढं नाही, जांभळं फूलसुद्धा नाही. सगळं खाली ओळीने मांडलेलं होतं, फुलं फुलांजवळ, कळ्या कळ्यांजवळ. तोडा करणारा माणूस फूल कधी तोडत नाही. फूल तोडलं म्हणजे पुढचं वांगं गेलं. मी म्हटलं, माकडं असतील. माकडं अशी मांडामांड करत नाहीत हे मलाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी मी आईबरोबर गच्चीवर होतो. आईने माझा दंड धरला आणि बोट दाखवलं. चार पांढरे होते. एक पिवळा तिसऱ्या ओळीत, वाकत, उठत. दुसरा पिवळा विहिरीपाशी. तो हलत नव्हता. त्याचं तोंड घराकडे होतं.

मी धावत गेलो. पोचलो तेव्हा बाबा एकटे ओळीत उभे होते. मला बघून त्यांनी दिवा खाली घेतला.

“थो आलता,” ते म्हणाले.

“कोण?”

“थोच. दिवा खाली नाई घेत थो. म्या इचारलं जेवला काय, तं बोल्लाच नाई.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. “तू जेवला काय?”

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्या दिवशी दुकानात बसून मी दोन तास त्या दिव्याच्या कंपनीची यादी चाळली. पिवळ्या उजेडाचा दुसरा नग कुठेच नव्हता.

जानेवारीत एका पहाटे असं धुकं पडलं की गच्चीवरून अंगणातलं पाण्याचं टाकंही दिसेना. आईने मला हलवून उठवलं. “दिवा दिसून नाई राह्यला. एकही दिसून नाई राह्यला.” मी दिवा बांधून निघालो. धुक्यात डोक्यावरचा दिवा म्हणजे तोंडासमोर धरलेली पांढरी चादर. रपटा पायाला लागला तेव्हा कळलं कुठे आहे ते. खाली नाल्याचं पाणी वाजत होतं. मी “बाबा! बाबा!” ओरडत होतो, आणि खरं सांगतो, पाण्यात काही पडल्याचा आवाज येतो का तेही ऐकत होतो.

तुरीच्या कडेला पिवळा उजेड उभा होता.

माझा जीव भांड्यात पडला. मी जवळ गेलो तसा दिवा माझ्याकडे वळला. सरळ डोळ्यांत. मला काही दिसेना. मी एका हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्याने चाचपडत त्यांचा हात धरला. हात कोरडा होता. दवात उभ्या असलेल्या माणसाचा हात कोरडा कसा, हे मी त्या वेळी मनात आणलं नाही. सापडले एवढंच डोक्यात होतं.

रपट्याशी आलो तेव्हा मागून आनंदाबाईची हाक आली. धुक्याने अर्धी खाल्ली.

“भाऊ... एक दिवा... इकडं...”

“सापडले! मी घेऊन चाललो!” मी ओरडलो.

मी मागे वळून पाहिलं. लांब ओळीत एक उजेड होता. पिवळा वाटला. पण धुक्यात पांढराही पिवळट दिसतो. मी बघत असतानाच तो हळूच खाली गेला. कोणी बाई तोडायला वाकली असेल असं मी धरलं आणि चालायला लागलो.

त्या दिवसापासून बाबा बरे व्हायला लागले.

न्याहारीला त्यांनी मला नावाने हाक मारली, “धर्मेंद्र.” दोन वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी त्यांनी माझा मोबाइल नंबर सलग म्हणून दाखवला. शनिवारी रक्षा आली तर म्हणाले, “रक्षा, शाळा कशी आहे?” ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्यांना वीस प्रश्न विचारले, वीसही बरोबर. डॉक्टर म्हणाले, असं सहसा होत नाही, पण झालंय तर आनंद माना. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी पेढे वाटले. मी थकलो होतो हो. दोन वर्षं रात्रीची झोप नव्हती, आणि आता ते सात वाजेपर्यंत झोपायचे, शेताचं नाव काढायचे नाहीत. मला आनंद झाला होता हे मी लपवत नाही.

आईला झाला नाही. ती त्यांना ताट वाढायची आणि खोलीतून निघून जायची.

“काय झालं तुला?” मी एकदा चिडून विचारलं.

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही. “पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाले. तुह्या बापानं मले कधी नावानं हाक नाई मारली. ‘धर्माची माय’ म्हनत. आता सुलोचना म्हनते.”

“बरे होऊन राहिले ते, आई.”

“हव,” ती म्हणाली. “अन् जेवला काय म्हनून कोनाले इचारलं त्यायनं, एवढ्या दिवसात?”

मी आठवून पाहिलं. विचारलं तर सगळं सांगायचे. स्वतःहून कोणाला काहीच विचारलं नव्हतं.

बॅटरी खुंटीला टांगलेली होती. त्या धुक्याच्या सकाळी मी ती चार्जिंगला लावली होती. दोन तास जळून आलेली बॅटरी लावली की लाल दिवा लागायला हवा. लावल्या लावल्या हिरवा लागला. सर्किट बिघडलं म्हणून मी ती तशीच टांगली. दुकानदार असून उघडून बघितली नाही. बघावीशी वाटली नाही.

आनंदाबाईने पहाटे यायचं बंद केलं. एकदा दुकानात आली.

“बाबाजी घरीच असते न, भाऊ, पहाटे?”

“झोपलेले असतात.”

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. “मंग आमी उजाडल्यावरच येऊ.”

मग एका संध्याकाळी लाइन गेली. मी कंदिलाची काच पुसत होतो. बाबांनी खुंटीवरची बॅटरी काढून कपाळाला बांधली, पेटवली आणि चुलीपाशी बसलेल्या आईसमोर जाऊन उभे राहिले. पूर्ण उजेड तिच्या तोंडावर. तिने डोळे घट्ट मिटले.

“खाली घ्या न दिवा,” आई म्हणाली.

ते हलले नाहीत. लाइन येईपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटं, ते तसेच उभे होते. आई हात तोंडावर धरून बसली होती. मी “बाबा” म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. तो दिवा माझ्याकडे वळेल याची मला भीती वाटली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे साडेचारला गच्चीवर पावलं वाजली. वर गेलो तर आई उभी होती, डोक्याला पांढरा दिवा. ती रोज तशी उभी राहते हे मला तेव्हा कळलं.

“थे पाय,” ती म्हणाली.

आभाळ स्वच्छ होतं. शेतात एकच दिवा होता. पिवळा. तिसऱ्या ओळीत वाकत होता, उठत होता. आठ तास चालणारी बॅटरी. त्या धुक्याच्या सकाळला तेवीस दिवस झाले होते.

मी खाली जाऊन पाहिलं. बाबा खाटेवर पडलेले होते. डोळे उघडे. बॅटरी खुंटीला.

पुन्हा वर आलो. आईने कपाळावरचा दिवा दोन बोटांनी खाली घेतला. शेतातला दिवा थांबला, आमच्याकडे वळला आणि खाली गेला.

तेव्हा मला ती बाई आठवली. त्या दिवशी धुक्यात तोडायला वाकलेली बाई. ती वाकली नव्हती. ती बाईच नव्हती. मी मागे वळून पाहिलं म्हणून माझ्या बापाने दिवा खाली घेतला होता, आणि मी दुसऱ्याचा हात धरून निघून आलो होतो.

“जा,” आई म्हणाली. “घिऊन ये त्यायले.”

“आणि खाली आहेत ते?”

तिने मला जिन्याकडे ढकललं.

मी दिवा न घेताच धावलो. पांदण, रपटा, तूर. ओळीत शिरलो तर कोणी नव्हतं. झाडाखाली वांग्यांचा ढीग होता. एकेक वांगं देठासकट, नीट, आणि वर दव लागू नये म्हणून पानं झाकलेली. बाबा झाकायचे तशी. फुलं झाडावरच होती. मी एक वांगं उचललं. देठाची खाच ओली होती.

“बाबा?”

माझ्या पायापाशी उजेड पडला. मागून. पिवळा.

“धर्मा,” आवाज आला. “जेवला काय?”

“नाही जेवलो, बाबा,” मी म्हणालो. “नाही जेवलो.”

मी वळणार होतो. खरंच वळणार होतो. तेवढ्यात नजर घराकडे गेली.

गच्चीवर दोन दिवे होते.

आईचा पांढरा, खाली घेतलेला. त्याच्या समोर, अगदी जवळ, एक पिवळा. तो सरळ होता.

“बाबा, चला! माझ्यामागं चला!” मी ओरडलो आणि धावत सुटलो.

उजेड माझ्याबरोबर आला. मी धावलो तसा तो माझ्या पायांपुढे धावला. धुऱ्यावरचा दगड त्याने दाखवला, तुरीचा खुंट दाखवला, रपट्याची तुटलेली कड दाखवली.

रपट्यावर तो थांबला. पुढे आला नाही.

मी पलीकडे अंधारात उभा राहिलो आणि वर पाहिलं.

गच्चीवर आता एकच दिवा होता. तो पिवळा होता, आणि त्याचं तोंड माझ्याकडे होतं.